'हे'चं इंग्रजी एकच नाही: दिस, दॅट, दीज, दोज वापरायला शिकताना

शाळेत एकदा प्रत्येकाने घरच्या माणसांची इंग्रजीतून ओळख करून द्यायची होती. मी फोटो वर धरला, वडिलांवर बोट ठेवलं आणि ठणकावून म्हणालो, "दीज आर माय फादर." बाईंनी चष्म्याच्या वरून पाहत विचारलं, "किती वडील आहेत रे तुला?" वर्ग हसला, मीही हसलो, पण चुकलं काय ते काही कळलं नाही. 'हे माझे वडील आहेत' यात 'हे' अनेकवचनी, 'माझे' अनेकवचनी, 'आहेत'सुद्धा अनेकवचनी. मी तर शब्दाला शब्द चोख लावला होता.

घोटाळा त्या शब्दाला शब्द लावण्यातच होता. दिस म्हणजे हा, दॅट म्हणजे तो, दीज म्हणजे हे, दोज म्हणजे ते, असा चार ओळींचा तक्ता पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. तक्ता खोटा नाही, अपुरा आहे. मराठी माणूस या चार शब्दांत जिथे जिथे अडखळतो, त्यातल्या बहुतेक जागा मराठीच्या सवयीमुळे तयार झालेल्या असतात. तेव्हा आधी आपल्या घरात डोकावू.

आपलं 'हे' काय काय करतं

'हे पुस्तक' म्हटलं की वस्तू एक. 'हे डोंगर' म्हटलं की अनेक. शब्द तोच, 'हे'. 'ही वही' एक, 'ही पुस्तकं' अनेक. 'ते घर' एक, 'ते लोक' अनेक. 'ती मुलगी' एक, 'ती घरं' अनेक. 'या'ची तर कमालच आहे: 'या वह्या' अनेक, 'या मुलाला' एक, 'या मुलांना' पुन्हा अनेक. म्हणजे मराठीत नुसतं 'हे', 'ही' किंवा 'या' ऐकून वस्तू एक आहे की अनेक ते सांगता येत नाही. ते कळतं पुढच्या नामावरून आणि क्रियापदावरून. आपल्या दर्शक शब्दाचं सगळं लक्ष लिंगाकडे आणि विभक्तीकडे असतं.

इंग्रजीचा कारभार नेमका उलटा आहे. तिथे लिंगाची भानगड नाही: दिस बॉय, दिस गर्ल, दिस हाउस, सगळीकडे दिस. विभक्तीचीही नाही: 'या मुलाला', 'या मुलाचा', 'या मुलाने' काहीही असो, दिस बॉय जसाच्या तसा राहतो. इंग्रजी दर्शक शब्द फक्त दोन गोष्टी विचारतो. एक की अनेक? जवळ की दूर?

गंमत म्हणजे इंग्रजी पूर्वी आपल्यासारखीच होती. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत या शब्दांना तिन्ही लिंगं होती: पुल्लिंगी से, स्त्रीलिंगी सेओ आणि नपुंसकलिंगी थॅट. पुढे लिंगभेद गळून पडला आणि आजचा दॅट हा त्या नपुंसकलिंगी रूपाचा वंशज उरला. ठिकठिकाणी भेटणारा 'द' त्याच कुळातला. आपण हा-ही-हे जसे जन्मतः सांभाळतो, तसे तेही कधीकाळी सांभाळत होते.

पहिली पायरी: आधी मोजा

इंग्रजी वाक्य बोलायच्या आधी वस्तूकडे पाहून मनात मोजा. एक असेल तर दिस किंवा दॅट, एकाहून जास्त असतील तर दीज किंवा दोज. मनातला मराठी शब्द 'हे' आहे की 'ही', याकडे या क्षणी साफ दुर्लक्ष करा. 'ही पुस्तकं' मनात आलं, तर 'ही' विसरा आणि पुस्तकं किती आहेत ते पाहा: दीज बुक्स. 'या खोलीत' मनात आलं, तर 'या' विसरा, खोली एक आहे: इन दिस रूम. इन धिस रूम असं कानावर येईल तेही हेच, उच्चाराकडे पुढे येऊच.

आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत मोजलं जात नाही. वडील, आजोबा, सर, बाई, डॉक्टर, कुणीही असो, माणूस एक तर दिस. "दिस इज माय फादर." मनात खटकतं, आपण वडिलांना अरेतुरे केल्यासारखं वाटतं, पण इंग्रजी कानाला त्यात काहीही उद्धट लागत नाही. माझी शाळेतली चूक ती हीच.

दर्शक शब्द ठरला की क्रियापद त्याच्या मागून जातं: दिस इज, दॅट इज, दीज आर, दोज आर. "दीज इज" हे तोंडातून निसटतं, विशेषतः घाईत, म्हणून सुरुवातीला "दीज आर" आणि "दोज आर" या जोड्या एकेक शब्द असल्यासारख्या पाठ करून टाका.

दुसरी पायरी: मोजणी मराठीची नको, इंग्रजीची हवी

इथे जरा थांबायला हवं, कारण मोजून मोजून चुकणारेही बरेच असतात. काही नामं मराठीत अनेकवचनी आणि इंग्रजीत एकवचनी असतात, काही उलट. मोजणी करायची ती इंग्रजी नामाची.

'हे पैसे' मराठीत अनेकवचनी. इंग्रजीत मनी हे न मोजता येणारं नाम आहे, म्हणून "दिस मनी". नोटा किंवा नाणी म्हणायची असतील तर मात्र "दीज नोट्स", "दीज कॉइन्स". 'हे केस' मराठीत अनेक, इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून "दिस हेअर". कपड्यावर दोन-चार सुटे केस सापडले तर "दीज हेअर्स" चालेल, पण तेवढंच. 'या बातम्या' म्हणजे "दिस न्यूज". शेवटी एस दिसला म्हणून न्यूज अनेकवचनी होत नाही. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, अॅडव्हाइस, इक्विपमेंट, होमवर्क या नामांना इंग्रजी अनेकवचनच देत नाही. त्यामुळे "दीज फर्निचर्स" किंवा "दोज इन्फर्मेशन्स" असं कितीही वेळा कानावर पडलं तरी लिहू नका. खुर्च्या दहा असल्या तरी "दिस फर्निचर".

आता उलट बाजू. 'ही कात्री' आपल्याला एकच दिसते, इंग्रजीला तिची दोन पाती दिसतात: "दीज सिझर्स आर ब्लंट." 'हा चष्मा' दोन काचांचा, म्हणून "दीज ग्लासेस". 'ही पँट' दोन पायांची, म्हणून "दीज ट्राउझर्स". एकच आहे हे ठसवायचं असेल तर 'पेअर' मध्ये आणायचा. मग मोजणी पेअरची होते आणि दर्शक शब्दही एकवचनी होतो: "दिस पेअर ऑफ सिझर्स".

आणि ज्या नामांच्या शेवटी स लागत नाही, तरी ती अनेकवचनी असतात, त्यांच्यापाशी सावध राहा. पीपल, चिल्ड्रन, मेन, विमेन, फीट, टीथ. "दीज पीपल", "दोज चिल्ड्रन". "दिस पीपल आर" हे इंग्रजी कानाला 'हा लोक आहेत' असं ऐकू येतं.

'अशा प्रकारची पुस्तकं' म्हणताना आणखी एक फट आहे. "दिस काइंड ऑफ बुक" किंवा "दीज काइंड्स ऑफ बुक्स", असं दोन्हीकडे सारखं ठेवा. "दीज काइंड ऑफ बुक्स" हे जन्मजात इंग्रजी बोलणारेही बोलण्यात सर्रास म्हणतात. परीक्षेत किंवा अर्जात म्हणू नये.

तिसरी पायरी: अंतर

हे सोपं, कारण हा आणि तो यांतला फरक आपल्या रक्तात आहे. हाताच्या आवाक्यात असेल, हातात असेल, आपण ज्याच्या आत आहोत असं काही असेल, तर दिस-दीज. बोट लांब करून दाखवावं लागत असेल तर दॅट-दोज. कुठल्याही पुस्तकात याचं फुटाइंचांचं माप दिलेलं नाही आणि देताही येणार नाही. बोलणारा ज्याला आपल्या बाजूचं मानतो ते जवळ.

फरक पडतो तो ऐकणाऱ्याच्या हातातल्या वस्तूपाशी. समोरच्याच्या मुठीत काहीतरी आहे. आपण बिनदिक्कत विचारतो, "हे काय आहे तुझ्या हातात?" इंग्रजीत वस्तू त्याच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही, म्हणून "व्हॉट्स दॅट इन युअर हँड?" जपानी आणि स्पॅनिश भाषांत यासाठी तीन पायऱ्या आहेत, माझ्याजवळचं, तुझ्याजवळचं आणि दोघांपासून लांबचं. इंग्रजीत दोनच असल्यामुळे 'तुझ्याजवळचं' हे दॅटच्या खात्यात जातं.

अंतर काळाचंही असतं. खेळ चालू आहे, तुम्ही रंगून गेलात: "दिस इज ग्रेट!" खेळ संपला, दिवे लागले: "दॅट वॉज ग्रेट!" मराठीत दोन्ही वेळा नुसतं 'मस्त' म्हणून भागतं, म्हणून खेळ संपल्यावरही आपल्या तोंडून "दिस वॉज ग्रेट" जातं. अगदी चूक नाही, पण संपलेल्या गोष्टीला दॅट जास्त शोभतो.

चौथी पायरी: पुढे नाम आहे का?

"दिस पेन इज ब्लू" यात दिस हा पेनला चिकटलेला आहे: दर्शक विशेषण. "दिस इज अ पेन" यात तो एकटा उभा आहे: दर्शक सर्वनाम. शब्द तोच, जागा वेगळी. नाव लक्षात राहिलं नाही तरी बिघडत नाही, पण दोन गोष्टी राहायला हव्यात.

एक, नामाला चिकटलेल्या दर्शकासोबत अ, अॅन, द किंवा माय, युअर, हिज असं दुसरं काही चालत नाही. मराठीत 'हे माझं पुस्तक फाटलंय' हे अगदी सरळ वाक्य. त्यावरून "दिस माय बुक इज टॉर्न" बनतं आणि ते चूक. इंग्रजीत दोघांपैकी एकालाच दारातून आत घेतात: "दिस बुक इज टॉर्न" किंवा "माय बुक इज टॉर्न". दोन्ही हवंच असेल तर "दिस बुक ऑफ माइन", पण असं वाक्य रोज लागत नाही आणि नवख्याने त्याच्या मागे लागू नये. "दिस इज माय बुक" मात्र बरोबर, कारण तिथे दिस एकटा आहे आणि मध्ये इज आलंय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एकटा दिस किंवा दॅट माणसासाठी जवळजवळ फक्त ओळख करून देताना किंवा विचारताना चालतो: "दिस इज माय सिस्टर", "हू इज दॅट?" त्यापलीकडे नाही. आपण बाजूला बसलेल्या मुलाकडे पाहून 'हा दमलाय' म्हणतो. त्याचं "दिस इज टायर्ड" केलं की मुलाची वस्तू झाली. "ही इज टायर्ड" म्हणा, नाहीतर नाम जोडून "दिस बॉय इज टायर्ड". 'ती हसतेय' म्हणजे "शी इज लाफिंग", "दॅट इज लाफिंग" नव्हे.

अनेक वस्तूंतून एक निवडताना नाम पुन्हा पुन्हा घ्यायचं नसेल तर 'वन' मदतीला येतो. 'हा नको, तो निळा द्या': "नॉट दिस वन, गिव्ह मी दॅट ब्लू वन." मध्ये विशेषण आलं की वन जवळजवळ सक्तीचाच. "दॅट ब्लू" म्हणून वाक्य सोडलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो.

पाचवी पायरी: बोट एकदाच दाखवायचं

सगळ्या पायऱ्यांतली ही एकच नीट आत्मसात झाली तरी तुमचं इंग्रजी लगेच वेगळं ऐकू येईल, असं माझं मत आहे.

मराठीत 'तो', 'ती', 'ते' हे शब्द दोन कामं करतात. 'तो पंखा' यात ते बोट दाखवतात आणि 'तो उद्या येणार आहे' यात आधी बोललेल्या माणसाकडे नुसता निर्देश करतात. इंग्रजीने ही दोन कामं वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. बोट दाखवायला दिस, दॅट, दीज, दोज. एकदा दाखवून झालं, दोघांनाही कळलं कशाबद्दल चाललंय, की पुढे इट, ही, शी, दे.

म्हणून प्रश्न "व्हॉट इज दिस?" आणि उत्तर "इट्स अ कंपास." प्रश्न "इज दॅट युअर बॅग?" उत्तर "येस, इट इज." प्रश्न "आर दीज युअर कीज?" उत्तर "येस, दे आर." आपल्याकडे बरीच मुलं "व्हॉट इज दिस?"ला "दिस इज अ कंपास" असं 'पूर्ण वाक्यात' उत्तर द्यायला शिकतात. व्याकरण तुटत नाही, पण बोलण्यात ते असं वाटतं की प्रश्न विचारणाऱ्याला वस्तू दिसलीच नाही आणि तुम्ही पुन्हा बोट दाखवताय.

ओळख करून देतानाही तसंच. "दिस इज माय ब्रदर. ही वर्क्स इन अ बँक." पहिल्या वाक्यात दिस, दुसऱ्यात ही. "दिस इज माय ब्रदर. दिस वर्क्स इन अ बँक" म्हटलंत तर भाऊ पुन्हा वस्तू होतो. वाक्याच्या शेपटीला लागणाऱ्या प्रश्नातही हाच बदल दिसतो: "दिस इज युअर्स, इजंट इट?" "दोज आर नाइस, आरंट दे?" इथे "इजंट दिस?" कधीच येत नाही.

फोनवर हा नियम जरा मजेशीर होतो. मराठीत आपण 'मी बोलतोय' म्हणतो. इंग्रजीत फोनवर स्वतःचं नाव सांगताना "आय अॅम" ऐवजी "दिस इज" म्हणतात, जणू आपणच आपली ओळख करून देतोय. समोरचा कोण हे विचारताना ब्रिटनमध्ये "हू इज दॅट?" आणि अमेरिकेत "हू इज दिस?" असा कल आहे. दोन्ही थोडे रोखठोक वाटतात, अनोळखी माणसाला "मे आय नो हू इज कॉलिंग?" बरं.

वेळ सांगताना

'या रविवारी', 'त्या संध्याकाळी', 'या वर्षी' यात आपल्याला ई प्रत्यय ऐकू येतो आणि आपण त्याच्यासाठी ऑन किंवा इन शोधायला लागतो. "ऑन दिस संडे", "इन दिस इयर". गरज नाही. वेळेच्या शब्दाआधी दिस किंवा दॅट लागला की ऑन, इन सहसा गळतात: "दिस संडे", "दॅट इव्हनिंग", "दिस इयर", "दिस मॉर्निंग".

जाता जाता, 'आज सकाळी' म्हणजे "दिस मॉर्निंग", "टुडे मॉर्निंग" नव्हे. 'आज संध्याकाळी' "दिस इव्हनिंग". 'आज रात्री'ला मात्र "टुनाइट" असा स्वतंत्र शब्द आहे.

अपवादही आहेत आणि ते रोज लागणारे आहेत. 'त्या वेळी' म्हणजे "अॅट दॅट टाइम", अॅट सोडू नका. 'या खेपेस' म्हणजे नुसतं "दिस टाइम". 'हल्ली' म्हणजे "दीज डेज", इन न लावता. 'त्या काळी' म्हणजे "इन दोज डेज", इन लावून. याला तर्क शोधत बसण्यापेक्षा ही चार जशीच्या तशी उचललेली बरी.

बोललेल्या गोष्टीकडे बोट

दर्शक शब्द वस्तूकडेच बोट दाखवतात असं नाही, वाक्यांकडेही दाखवतात. आत्ताच बोलून झालेल्याला दॅट: "दॅट्स ट्रू", "दॅट्स ऑल". 'बरोबर आहे' याला "दॅट्स राइट". नुसतं "इज राइट" म्हणता येत नाही. आता सांगायच्या गोष्टीला दिस: "लिसन टु दिस." 'हे ऐक' आणि 'ते ऐकलंस का' यांत जो फरक, तोच.

निबंधात मात्र एकटा दिस फार धोकादायक. तीन वाक्यं लिहून झाल्यावर "दिस इज व्हाय" किंवा "दिस हॅज कॉज्ड" असं लिहिलं की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, तीन वाक्यांतलं नेमकं काय? उपाय साधा आहे: नाम जोडा. "दिस डिसिजन", "दिस डिले", "दीज चेंजेस".

इंग्रजी लिहिताना आणखी एक बारकावा: दॅट इज आकसून दॅट्स होतं, पण दिस इज आकसून लिहित नाहीत. दीज आर, दोज आर हेही लिहिताना पूर्णच.

जे... ते

मराठीत 'जे मेहनत करतात, ते पुढे जातात' यात जोडी लागते, जे आणि ते. इंग्रजीत 'जे' आणि 'ते' मिळून "दोज हू" होतं: "दोज हू वर्क हार्ड सक्सीड." आपल्याला जोडीशिवाय वाक्य लंगडं वाटतं म्हणून मध्ये दे घुसतो: "दोज हू वर्क हार्ड, दे सक्सीड." तो दे काढून टाका. एकाच माणसाबद्दल असेल तर "दॅट हू" नव्हे, "द पर्सन हू".

तुलना करतानाही दॅट आणि दोज कामाला येतात, आणि परीक्षक इथे हमखास प्रश्न घालतात. 'या शहरातले रस्ते त्या शहरापेक्षा रुंद आहेत' हे बोलण्यात खपतं, पण इंग्रजीत रस्त्यांची तुलना शहराशी होऊन बसते. रस्ते अनेक, म्हणून "द रोड्स ऑफ दिस सिटी आर वायडर दॅन दोज ऑफ दॅट सिटी." हवा एक, म्हणून "द क्लायमेट ऑफ दिस प्लेस इज बेटर दॅन दॅट ऑफ दॅट प्लेस." वाक्य ऐकायला ओबडधोबड वाटलं तरी हिशोब चोख आहे.

'च'चं काय करायचं

'हेच पुस्तक हवं होतं' याचं "दिस ओन्ली आय वॉन्टेड" असं भाषांतर आपल्याकडे इतकं रुळलंय की ते चूक वाटतच नाही. आपल्या माणसांत ते चालून जातं, इतरांना मात्र त्याचा अर्थ 'फक्त एवढंच हवं होतं' असा लागू शकतो. इंग्रजी 'च' आवाजात असतो: दिसवर जोर देऊन "दिस इज द बुक आय वॉन्टेड." 'तोच माणूस' असेल तर "द सेम मॅन". 'याच खोलीत' असेल तर "इन दिस व्हेरी रूम".

'असा' आणि 'तसा' यांचा इंग्रजी भाऊबंद म्हणजे सच. नाम एकवचनी आणि मोजता येणारं असेल तर अ सचनंतर येतो: "सच अ मॅन", "अ सच मॅन" नव्हे. अनेकवचनात अ जातो: "सच पीपल". 'एवढं', 'तेवढं' यासाठी मात्र दिस आणि दॅटच विशेषणाआधी बसतात: हाताने माप दाखवत "दिस बिग", आणि 'तेवढं काही अवघड नाही'साठी "इट्स नॉट दॅट डिफिकल्ट".

उच्चार

सुरुवातीचा आवाज आपल्याकडे नाहीच. तो दही मधला द नाही आणि धन मधला ध तर मुळीच नाही. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकं टेकवून, हवा न अडवता आवाज काढायचा. जमेपर्यंत द चालवा. मीही इथे सोयीसाठी द लिहितोय. मघाशी इन धिस रूम लिहिलं ते मुद्दाम, कारण काहीजण ध वापरतात. गैरसमज त्याने होत नाही.

गैरसमज होतो तो पुढच्या भागाने. दिस मधली इ ऱ्हस्व, शेवट स. दीज मधली ई लांब, शेवटचा ज 'जरा'मधला, 'जग'मधला नव्हे. "दीस बुक्स" असं मधलंच काहीतरी म्हटलं की ऐकणाऱ्याला एक की अनेक कळत नाही, आणि मग लिहितानाही तुमचीच गल्लत होते. आरशासमोर दिस-दीज, दिस-दीज असं आलटून पालटून म्हणा. दीज म्हणताना ओठ थोडे ताणले जायला हवेत.

दॅटचाही एक पेच आहे. बोट दाखवणारा दॅट पूर्ण जोरात येतो, पण 'की' किंवा 'जो' या अर्थाचा दॅट दबून दट होतो. "आय नो दट दॅट बॉय इज राइट": मला माहीत आहे 'की' 'तो' मुलगा बरोबर आहे. एकाच वाक्यात दोन दॅट दिसले म्हणून दचकू नका. पहिला दबलेला, दुसरा ठसठशीत.

'तो म्हणाला की' करताना

अप्रत्यक्ष कथनाच्या धड्यात दिसचं दॅट, दीजचं दोज, हिअरचं देअर करायचं असं सांगतात. परीक्षेत ते कराच. पण ते का करतात हे समजून घ्या: सांगणारा आता त्या जागी आणि त्या वेळी नाही म्हणून. कुणी तुम्हाला म्हणालं, "आय लाइक दिस चेअर", आणि ते सांगताना तुम्ही त्याच खुर्चीत बसला असाल, तर दिस चेअरच राहील. तक्ता पाठ असलेली माणसं इथेही दॅट चेअर म्हणतात आणि ऐकणारा खोलीत दुसरी खुर्ची शोधतो.

थोडा सराव

मनात उत्तर ठरवल्याशिवाय पुढची ओळ वाचू नका.

'ही कात्री कुणाची आहे?' "हूज सिझर्स आर दीज?" इथे 'ही' ऐकून दिस सुचला असेल तर पाती मोजा.

'ते माझे सर आहेत. ते गणित शिकवतात.' दूर उभे असतील तर "दॅट इज माय टीचर. ही टीचेस मॅथ्स." मराठीत दोन्हीकडे 'ते', इंग्रजीत दोन वेगळे शब्द, आणि सरांऐवजी बाई असतील तर दुसऱ्या वाक्यात शी.

'या बातम्या खऱ्या आहेत का?' "इज दिस न्यूज ट्रू?"

'हे माझं घड्याळ बंद पडलंय.' "माय वॉच हॅज स्टॉप्ड." दिस हवाच असेल तर माय सोडा.

'ज्यांना जायचंय त्यांनी जावं.' "दोज हू वॉन्ट टु गो मे गो." मध्ये दे घातलात का, ते तपासा.